एक फरशी, हजार वर्षं

वार्षिक परीक्षेला आठ दिवस, आणि पुस्तकात
आदिमानवापासून प्रबोधनयुगापर्यंत सगळंच शिल्लक.
म्हणून नववी 'क'ला मी व्हरांड्यात काढलं.
तुर्भे स्टोअरची पालिका शाळा, व्हरांड्याच्या फरश्या साठ;
सकाळीच मोजून घेतल्या, तेव्हा शिपाई दामूअण्णा बघत होते,
बाईंचं काय बिनसलंय.

एक फरशी म्हणजे हजार वर्षं, मी म्हटलं.
वर्गाचा उंबरठा म्हणजे आज.
जा, आपापल्या काळात उभे राहा.

झुंबड उडाली ती पहिल्या पाच फरश्यांवर.
हर्षिल मढवी पिरॅमिड बांधायला साडेचारवर,
त्याच फरशीवर हडप्पाच्या विटा घेऊन निकिता,
अडीचवर अथेन्स, दोनवर रोम,
रोमचा पाय अथेन्सच्या पायावर.
"बाई, हा ढकलतोय."
ढकलणारच. पुढच्या धड्यात तेच आहे.

सुफियानने बगदाद मागून घेतलं,
ग्रीक पोथ्या अरबीत उतरवणाऱ्यांचं,
आणि वही उघडून खरोखरच काहीतरी उतरवत बसला.
बीजगणिताचा गृहपाठ होता तो. असो. तेही तिथलंच.

पाऊण फरशीवर परदेशी प्रवासी,
ठाण्याच्या बंदराचं नाव लिहून ठेवणारे.
"आपलं ठाणं? ऐरोलीच्या पुढचं?"
तेच. तुर्भ्याचं नाव नाही, शोधू नका.

प्रबोधनयुगाच्या वाट्याला अर्धीच फरशी आली,
तीही तडकलेली. तिच्यावर एका पायाने अलिझा:
"बाई, छापखाना कुठे ठेवू?"

अकराव्या फरशीवर शेती. तिथून पुढे ओस.
सतराव्यावर कुणीतरी गुहेतला बैल काढला खडूने,
मग नुसत्या फरश्या, फरश्या,
आणि साठाव्यापाशी व्हरांडा संपला.
साधारण तितक्याच हजार वर्षांपूर्वी
माणसं आफ्रिकेबाहेर पसरली म्हणतात.
म्हणजे फाटकापलीकडे सगळी आफ्रिका:
ट्रकांचा वजनकाटा, पंक्चरवाला,
खाणीकडे चढत गेलेला धुळीचा रस्ता.

तिथं कोण जाणार?
दुर्गी विटकर गेली. पावलं मोजत. दोनशे चाळीस.
एरवीही ती शेवटच्याच बाकावर.

घंटा झाली. पाच हजार वर्षं एका दमात वर्गात घुसली,
डबे उघडले, रोमने अथेन्सची चटणी पळवली.
डोकी मोजताना एक कमी.

मी धावले.
वजनकाट्याच्या वर, खडीच्या ढिगाच्या सावलीत
ती उकिडवी बसलेली. डाव्या हातात काळा दगड,
उजव्यात दुसरा, गोटा.
एक टोला. कपची सुटली पातळ, आंब्याच्या पानाएवढी.
तिने धार अंगठ्यावर पारखली आणि खाली ठेवली,
आधीच्या सहांशेजारी.

"दगडाला शीर असते, बाई. आई म्हणते,
आधी बोटाने विचारायचं, मग मारायचं."
मी इतिहासात एम.ए. मला शीर दिसेना.
तिने माझं बोट धरून दगडावरून फिरवलं.
दिसली नाहीच. पण लागली.

"खाली काय काय झालं?"
मी सांगायला लागले, नगरं, लिपी, चाक, राजे,
राजांनंतर राजे,
आणि ती ऐकता ऐकता एका कपचीने कैरी चिरत होती.
अर्धी मला दिली. मीठ नव्हतं.

"मी लई वेळ थांबले," ती म्हणाली,
"कुणी आलंच नाही वर."
दोन लाख चाळीस हजार वर्षं, मी मनात हिशोब केला,
आणि तो तिला सांगितला नाही.

उतरताना तिने विचारलं,
"हे पेपरात किती मार्काला?"
दोन.
तिने मान हलवली, जशी खडीचा भाव ऐकून
तिची आई हलवत असेल.

एक कपची माझ्या टेबलावर आहे अजून.
शार्पनर हरवला की मुलं
तीच मागायला येतात.