एकतीस किलो

दातखीळ बसलेला मिळाला.
शकूरच्या भंगारात, कुलरच्या पत्र्यांखाली,
जबडा दीड इंच उघडा
आणि त्या दीड इंचात कुंभारमाशीचं घर.
काट्यावर ठेवला : एकतीस किलो.
अडतीसचा भाव. अकराशे अठ्ठ्याहत्तर.
वरचे आठ शकूरनं सोडले,
माशीच्या घराचे म्हणून.

अमळनेरात वैशाखात
दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही.
म्हणून रात्री, मोटारी बांधून झाल्यावर,
तांब्याच्या तारेचे तुकडे झाडून
ओट्यावर घेऊन बसायचो.
बायको म्हणाली, "हाई कसाले लई उनात?
दुकानमा एक शे ना."
आहे. नवा आहे.
पाईपच्या पहिल्या झटक्याला त्याचा कान तुटलाय.
हे तिला सांगितलेलं नाही.

पहिले तीन दिवस नुसतं पाजणं.
रॉकेल आता कुठलं; डिझेल, त्यात गाडीचं काळं ऑइल,
चिंध्या भिजवून आट्यांवर गुंडाळल्या,
मुरगळलेल्या पायाला बांधतात तशा.
चौथ्या रात्री दांड्यात नळी घातली
आणि अंगाचा सगळा भार टाकला.
दांडा वाकला.
तो नाही.

लोटन मिस्तरी सायकल टेकवून उभे राहिले.
गिरणीत फिटर होते, गिरणी होती तोवर.
"त्याले सोडाले जाऊ नको," म्हणाले.
"आधी जरासा आवळ. मंग सोड."
आवळायच्या बाजूला एक सूत हलला.
सोडायच्या बाजूला एक सूत.
पुन्हा आवळ. पुन्हा सोड.
आटापिटा हा शब्द
कुणीतरी वाईस खोलतानाच काढला असावा.

अकराच्या सुमारास कण्हला,
माझ्या मांडीवर लाल पाणी सांडलं
आणि स्क्रू हळूहळू बाहेर आला, हातभर.

मग एकेक. कॉटर. वायसर. स्प्रिंग, अर्धीच.
रंग खरवडला : वर हिरवा,
त्याखाली निळा, त्याखाली शेंदरी,
अगदी तळाला बिडात रुतलेली ओतकामाची वाळू.
नाव होतं तिथं छिन्नी मारलेली.
चोरीचा असेल. असो.
जबड्याच्या प्लेटी चिंचेच्या कोळात बुडवल्या.
नूतननं बादलीत डोकावून विचारलं,
आमटीत कोथिंबीर टाकू का?

आटे पुसले तेव्हा दिसलं :
एका जागचे दोन इंच झिजून सुरीच्या धारेचे,
बाकीचे कोरे, लेथच्या रेघा अजून अंगावर.
सात इंच उघडणारं तोंड,
आणि आयुष्यभर
एकाच मापाचं काम.

मागच्या प्लेटीच्या पाठीला, ती हलू नये म्हणून,
पितळेचा तुकडा सरकवलेला,
कापून, कानशीनं कडा मारून.
रुमालानं घासला. बिल्ला.
गिरणीचा, हजेरीचा. चार, मग एक,
पुढचा आकडा कात्रीत गेलेला.
मिस्तरींना दाखवला.
त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.
बिल्ला हरवला तर दंड होता, म्हणाले.
जरा वेळानं : हा हरवलेला नाही.
मग काहीच नाही.
पायानं सायकलचं स्टँड काढायला गेले
तर ते दोनदा निसटलं.

मी पत्र्याची पट्टी कापून पाहिली, जाड झाली.
तेलाच्या डब्याची, पातळ.
शेवटी बिल्लाच परत घातला,
आकडा आतल्या बाजूला.
ग्रीस भरलं. दांडा ठोकून सरळ केला,
पुरता झाला नाही.
रंग दिला नाही.

काल उगाच काट्यावर नेला.
तीस किलो सहाशे.
"घाटा हो गया," शकूर म्हणाला.

आज पहिलं गिऱ्हाईक घरचंच :
नूतनच्या सायकलचं पेडल.
जबडा उघडला, बरोबर त्या झिजलेल्या दोन इंचांत.
तिथं थोडा खडखडतो.
पण धरतो.