वरताळा

पेठला, शाळेमागच्या सभागृहात
सतरंजीवर एकवीस बायका,
मध्ये मी, वजनकाटा,
आणि नाशिकहून मांडीवर धरून आणलेलं
पाकिटं चिकटवायचं मशीन.
कोटंबीच्या घाटात त्याचं हँडल
प्रत्येक वळणाला पोटात रुतत होतं.

पहिला तास स्वच्छतेचा.
केसांवर प्लास्टिकच्या टोप्या चढवल्या
आणि सगळ्याजणी एकमेकींकडे बघून
इतक्या हसल्या
की स्वच्छता पुढच्या आठवड्यावर गेली.

मग नागली.
भिजवायची, मोड आणायचे, सावलीत वाळवायची.
हे मी शिकवणार होते.
पवळीबाई गावितनं पिठाची चिमूट जिभेवर ठेवली.
'मोड तिसऱ्या दिसाला काढले का?
आंबूस लागतंय.'
मी वहीत लिहून घेतलं.

'मूठ नाही वापरायची, काटा वापरायचा.
प्रत्येकीची मूठ वेगळी.'
तिनं काट्यावर मूठ सोडली. बावन्न ग्रॅम.
पुन्हा. बावन्न.
तिसऱ्या वेळी वीज गेली,
काट्यावरचे आकडे विझले.
तिची मूठ चालूच.

दुपारी लाडू.
पाकिटात दहा, छापील वजन अडीचशे.
पवळीबाईनं अकरावा घातला.
'हा कशाला?'
'वरताळा.
मापाला मापच दिलं
तर गिऱ्हाईक परत कशाला येईल?'

मी हिशोबाचा कागद पसरला :
नागली, गूळ, तूप, पाकीट, लेबल, मजुरी.
मजुरीपाशी सगळ्या गप्प.
'घरचंच तर काम,' कुणीतरी म्हणालं.
सोमी थविल म्हणाली, 'रोजगार हमीचा दर लिवा.'
'आन् पहाटं नागली निवडली ती?'
'ती पण लिवा.'
'आन् चुलीचा धूर?'
पुन्हा हसू. पण आकडा पडला,
निळ्या शाईत, त्या रकान्यात पहिल्यांदाच.

वरताळ्याला रकाना नव्हता.
अकराव्या लाडवानं पाकिटामागं
साडेचार रुपये तोटा येत होता.
मी तीनदा बेरीज करून दाखवली.
पवळीबाईनं कागद उलटा धरून बघितला,
सुलटा धरून बघितला. अक्षर तिला येत नाही.

'किंमत पाच रुपयांनी वाढव,' ती म्हणाली.
'मग पाकिटावर अकरा लाडू छापू?'
'छापू नको.
छापला
की त्याचंच माप होतं.'

वीज आली.
तिनं पाकिटाचं तोंड मशीनमध्ये धरलं,
हँडल दाबलं,
आणि हात भाजल्यासारखा मागं घेतला.
मग पुन्हा पुढं.