घंगाळापुढची वाट

गाडी लावतो तिथे बर्फ नाही.
त्यावर जाऊ नका.
रस्ता कोरडा आहे, चॅपेल तळ्यात दोन बदकं आहेत,
आणि वाटेच्या तोंडाशी पेटीतल्या वहीत
आज माझ्याआधी एकच नाव :
ऑरिन लाबाउंटी, एकटा, शिखर, सहा चाळीस.
परतीचा रकाना रिकामा.
मी खाली लिहिलं :
शरयू टिपणीस, एकटी, शिखर, आठ पाच.

पहिला चढ पानांचा.
बीचची पानं, ओली, रात्री गोठून एकमेकांना चिकटलेली,
त्यांच्याखाली मुळं, आणि मुळांवर ते,
ज्याला आपल्याकडे वेगळा शब्द नाही.

आपल्याकडे सगळ्यालाच बर्फ.
पडतो तो, साचतो तो, सरबतात घालतो तोही.
म्हणून मी स्वयंपाकघरातून उसनं आणते :
डबक्यांवर साय धरली आहे,
सायीखाली दूध नाही, पोकळी आहे,
पाय घोट्यापर्यंत जातो
आणि पुढे दिवसभर मोजा कुरकुरतो.
देवदारांखाली साबुदाणा सांडलाय. तो बरा, पाय धरतो.
ओढ्यातले दगड तुरटीचे.
त्यातल्या त्यात तिसरा विश्वासू दिसतो.

मग घंगाळ.
तळं आहे ते; इथल्या लोकांनी ठेवलेल्या नावाचं
मराठीत घंगाळच होतं, मी काय करू.
कडेने गोठलंय, मध्ये काळं पाणी, वर थोडी वाफ,
आत्ताच कुणीतरी आंघोळ उरकून गेल्यासारखं.

घंगाळानंतर पांढरं सुरू होतं, आणि त्यावर तो.
मोठे बूट, लांब ढांगा, दोन्ही पायांना दातेरी साखळ्या.
कुठे थांबला, कुठे पाणी प्यायला, कुठे लघवीला गेला,
सगळं लिहिलेलं.
तिसऱ्या वळणावर एक साखळी पडलेली सापडली,
रबर तुटलेलं.
इथून पुढे उजव्या पायाला दात,
डावा गुळगुळीत.
त्याला कळलंच नसेल का?
की कळूनही?

साखळी पिशवीत टाकली. आता तिचंही ओझं.

मोकळ्या कातळावर ठसे संपतात.
कातळावर काच आहे, आणि काचेखाली पाणी चालतंय,
कंदिलात ज्योत हलावी तसं,
खालच्या दिशेने, घाई नसलेलं.
माझ्या दोन्ही पायांना दात होते.
ते टेकवले. ते वाजले. रुतले नाहीत.
शिखर अर्ध्या तासावर होतं, आणि दिसत होतं;
शिखरांची ही फार वाईट खोड आहे.

हाक मारली. दोनदा.
ओळखदेख नसलेल्या माणसाला
नुसतं ऑरिन, एकेरीत.
वाऱ्याने उत्तर आणलं नाही, नेलंही नसेल.
मग मी बसले, आणि बसल्या बसल्या उतरले,
लहान मूल जिना उतरतं तशी,
एकेक पायरी बुडाने चाचपत.
पंचावन्नाव्या वर्षी. बघायला कुणी नव्हतं, तरी सांगते.

ओढ्याशी तिसऱ्या दगडाने मला पाण्यात बसवलं.

पेटीच्या खिळ्याला साखळी अडकवली.
रकाना रिकामाच.
गाडीत हीटर लावून बसले, विजार खुर्चीला भिजवत,
फोनला रेंज नाही, कीन व्हॅली पाच-सहा मैलांवर.
ठरवलं, पाच वाजेपर्यंत. मग जाऊन कुणालातरी उठवायचं.
सव्वाचारला बदकं दिसेनाशी झाली.
साडेचारला तळंही.

आणि पाचला दहा कमी असताना
झाडांतून एक दिवा खाली येऊ लागला.
दिव्याआधी आवाज आला :
एक पाय वाजत होता, एक नाही.

सत्तरीचा असेल. दाढीत साबुदाणा.
खिळ्यावरची साखळी त्याने पाहिली, माझ्याकडे पाहिलं,
साखळी खिशात टाकली. आभार वगैरे नाही.
वर कसं आहे, मी विचारलं.
त्याने बराच विचार केला.
"पांढरं," म्हणाला.
वेळ लिहिली, पेन्सिल माझ्या हातात दिली,
आणि ट्रक चालू होईना म्हणून ट्रकला शिवी दिली.

माझाही रकाना रिकामा होता.
वेळ लिहिली. शिखर खोडलं.
शेऱ्यात काहीतरी लिहायला हवं होतं, उद्या येणाऱ्यासाठी,
पण बोटं गारठून आपल्या जुन्या वळणावर गेली होती,
देवनागरीत उतरलं, तसंच ठेवलं :
तिसरा दगड हलतो.