पान दोनशे बारा, तळटीप

चौबळबाईंचा प्रबंध मी टाइप केला,
ठाण्यात जांभळी नाक्यावर, दाणेवाल्याच्या वरच्या खोलीत.
पानाला दोन रुपये, कार्बनच्या प्रतीचे वेगळे.
विषय : मराठी छंदांतील यती.
मला वाटलं, कुणा बुवांचं चरित्र असेल.
बाई हसल्या नाहीत.
"यती म्हणजे ओळीतली थांबायची जागा.
बुवाच म्हणा. आपल्यात असून आपल्यात नसतो."

चौथ्या प्रकरणात जॅझ आलं.
मी थांबलो. हे खरंच असंच लिहायचं?
त्यांनी मला चरईतल्या घरी नेलं.

भिंतीवर चित्र, नुसते तीन राखाडी पट्टे.
सोसायटीचा प्लंबर दोनदा
ओल समजून हात लावून गेला होता.
तबकडी फिरली. सॅक्सोफोन
समेवर येतो येतो म्हणता
शेजारच्या गल्लीतून निघून गेला.
मी मांडीवर ताल धरलेला,
हात वरच राहिला.
"हां," बाई म्हणाल्या, "हलू नका.
आत्ता तुमचा हात आहे ना,
तिथे माझं चौथं प्रकरण आहे."

यात साहित्य कुठे, असं मुलाखतीत विचारलं म्हणे.
रीडर व्हायला अकरा वर्षं लागली.
तोवर वाशीच्या कॉलेजात सायन्सच्या मुलांना
अर्ज कसा लिहावा ते शिकवलं.
विभागप्रमुख तिघे झाले,
त्यातले दोघे त्यांचेच विद्यार्थी.

निवृत्तीच्या समारंभात शाल, श्रीफळ, मानपत्र.
(ते मी टाइप केलेलं नव्हतं.)
त्यात छापलं होतं : जहाज संगीताच्या अभ्यासक.
बाईंनी दुरुस्त केलं नाही.
पट्ट्यांच्या शेजारी टांगलं,
जरा तिरकं.

त्या गेल्यावर पुस्तकं ग्रंथालयाला दिली.
परवा प्रबंध मागून घेतला,
माझी अक्षरं बघायला.
पान दोनशे बाराच्या तळाशी
एक टीप होती, निळ्या शाईत, हाताने लिहिलेली :
"ठाण्यातील एक टंकलेखक प्रत्येक जोडाक्षरापूर्वी
किंचित थांबतात.
या विरामाची नोंद छंदशास्त्रात नाही."

नाव नाही. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं,
आणि मीही पावतीवर नुसता शिक्का मारायचो.

खरं म्हणजे माझ्या मशीनची
शिफ्टची कळ अडकायची.
पावसाळ्यात तर फारच.
हे बाईंना सांगायचं