निम्मे काढून बघ

सांगलीकरांना आकडा चढताना बघायची सवय आहे.
पावसाळ्यात आयर्विनखाली फूट वाढत जातात,
अडतीस, अडतीस पाच, एकोणचाळीस,
आणि रात्री दोनला गावभाग मोबाईल धरून जागा असतो.
तसाच मी हा आकडा बघते.
फक्त मला तो चढायला हवाय,
आणि तो सत्त्याऐंशीवर बसून राहिलाय.
अकरा मिनिटं.

फेब्रुवारी. विश्रामबाग. खोलीतला पंखा बंद,
कारण या जुन्या डब्याचाच पंखा पुरेसा ओरडतो.
दिवसभर मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांच्या चिठ्ठ्या टाइप केल्या :
लॉट, वजन, भाव, तूट.
घरच्या कीबोर्डवरही एंटर तेवढा पिवळा पडलाय.

दोनशे चौदा मॉड.
एक कोंबड्यांना स्वभाव देतो.
एक दारांच्या कड्या वाजवतो.
एकामुळे मला हरिपूरची पेवं खणता आली,
जमिनीखाली, गोल, आत हळद, तोंडावर माती.
एक काय करतो ते आता आठवत नाही,
पण तो काढला की जग सुरूच होत नाही.
आमच्या अडतीतही असा एक माणूस आहे.

उपाय सगळे झाले.
मेमरी चारची आठ दिली; जास्त दिली तर तेही गुदमरतं.
शंभरफुटीवरच्या आडमुठ्यांकडून नवी डिस्क आणली, दोन हप्त्यांत.
अँटीव्हायरसला सांगितलं, या फोल्डरकडे बघू नकोस.
लांबचे डोंगर धुक्यात घातले.
अकराची नऊ झाली.
दोन दिवसांनी परत अकरा.

मिरजेहून तौफीकचा मेसेज :
निम्मे काढून बघ की.
चाललं, तर खोट काढलेल्यांत.
नाही चाललं, तर राहिलेल्यांत.
मग त्यांचे निम्मे.
अब्बा सतारीतली खरखर अशीच हुडकतात.

एकशे सात काढले. सदतीस सेकंद!
जग उघडलं आणि मी ओळखलंच नाही.
पूल होता, कठडे नव्हते.
पेवांच्या जागी जांभळेकाळे चौकोन,
कोंबड्या सगळ्या एकसारख्या, बिनस्वभावाच्या.
चोपन्न परत घातले. सत्तावीस काढले.
दर खेपेला काहीतरी घाटावरून नाहीसं व्हायचं,
काहीतरी परत येऊन भलत्याच पायरीवर उभं राहायचं.
चौदा. सात.
बाहेर दुधाची गाडी आली.
तीन.
एक.

फाइलचं नाव : तार.
बनवणारा : तौफीक मुजावर.

वाढदिवसाला दिला होता त्यानं.
घाटावरच्या दारातून वारा गेला की तंबोरा वाजावा, म्हणून.
अब्बांच्या कारखान्यात बसून एकेक तार छेडून घेतलेली,
कोरड्या हवेत, दमट हवेत, भोपळा नवा असताना, मुरल्यावर,
एकूण दोनशे अठ्ठ्याऐंशी आवाज,
एकही न दाबता, न छाटता, पूर्ण मापाचे.
आणि सगळेच्या सगळे, जग उघडायच्या आधी,
दारात येऊन बसत होते.

तुला ठाऊक होतं?
हो.
मग सांगितलं का नाहीस?
मी सांगितलं असतं तर काढला असतास का, त्रिशला?

टाइप करतोय असं दिसलं, बराच वेळ.
मग नुसतंच : झोप आता.

काढला नाही.
त्याच्या यादीत प्रत्येक आवाजापुढे
एक 'नाही' होतं, त्याचं 'हो' केलं,
दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा, हातानं,
म्हणजे ज्याची पाळी येईल त्यानंच उठायचं,
बाकीच्यांनी डिस्कवर पडून राहायचं.

आता बावन्न सेकंद लागतात.
चहा गाळेपर्यंत उघडलेलं असतं,
तेवढ्यात फोन लावून कुणाशी काय बोलणार?

घाटाच्या तिसऱ्या पायरीवर मात्र
पाणी, कोंबडी, माझा उचललेला पाय
अर्धा सेकंद सगळं अडतं,
आणि मग तार वाजते.

तेवढं मी दुरुस्त केलेलं नाही.