मार्चमधले चार दिवस

वीजबिलाच्या पाठीवर लिहिलंय:
रविवार, पहाटे पाच, कर्वेनगर.
पाचचे सहा होणार, हे धरूनच पाच.
उजाडायच्या आत कात्रजचा बोगदा,
फास्टॅगमध्ये पैसे भरणे,
खंबाटकी उतरली की सुरूरला चहा,
गाडीलाही दम खाऊ दे.
कोल्हापूर, आजरा, आंबोली.
मग खाली, खाली, वेंगुर्ल्यापर्यंत.

मुलगी फोनवर हसते, आई, नकाशा फोनमध्ये असतो.
असतो गं.
पण त्यावर पेन्सिलीनं लिहून
खोडता येत नाही.

लॅबमधली रेवती म्हणाली होती, नाशिकला जा की,
मळे आहेत, उंच पेले आहेत,
ओट्यावर बसून संध्याकाळ चाखायची.
तिथे समुद्र नाही, मी म्हणाले.
तिला तेवढं पुरलं.

समुद्र मला हवा होता. रजा मात्र मार्चात मिळाली,
आणि मार्चात तिकडे बोंडू पिकतात.
लाल, पिवळे, झाडाखाली सडा,
बी काढून घ्यायची, फळ तुडवायचं,
रस मडक्यात, मडकं चुलीवर,
आणि रस्त्यालगतच्या भट्ट्यांचा तो गोड, आंबूस वास
वळणावळणावर गाडीत शिरणार.
हे मला बुकिंग झाल्यावर कळलं.
हॉटेलवाला पैसे परत देत नाही.

अकरा महिने झाले शिरीषला.
अकरा महिने आणि सहा दिवस, तो सांगेल.
गीझरच्या मागची जागा आता नुसती गीझरच्या मागची जागा आहे.
बुटांच्या कपाटात बूट आहेत.
तरी घरी आल्यावर मी अजून
त्याच्या श्वासाच्या जरा जास्तच जवळून जाते,
आणि तो थांबतो, जाऊ देतो मला,
विमानतळावर हात वर करून उभं राहावं तसा.
रोज मी परक्यांची यकृतं आकड्यांत वाचते.
त्याचा कागदही माझ्याच मशीननं छापला होता,
दुपारी, डबा खाण्याच्या आधी.
त्या दिवशी भेंडीची भाजी होती.

म्हणून नकाशावरचा एक रस्ता मी खोडला.
दहा-बारा किलोमीटर लांबून नेला,
बाजूला लिहिलं, 'इकडून देखावा बरा.'

रात्री तो जेवून उठला, चष्मा शोधला,
नकाशावर वाकला.
खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं.
कागद तिथे खरखरीत झाला होता.
काही बोलला नाही.
माझीच पेन्सिल घेऊन
एक छोटं वर्तुळ काढलं,
दोनदा गिरवलं.

इथे थांबू, म्हणाला.
काचा खाली करू. मी उतरणार नाही.
मला फक्त बघायचंय
की तो वास माझं नाव घेतो का अजून.

आणि घेतलं तर?

तर तू गाडी चालव.

मला घाटात गाडी चालवता येत नाही,
हे त्याला पंचवीस वर्षं माहीत आहे.
घाट वर राहिला ना, तो म्हणाला,
खाली सगळं सपाट.

मग आम्ही बराच वेळ स्टेपनीवर बोललो.
हवा आहे का, जॅक कुठे ठेवलाय,
मागच्या खेपेला कुणी परत केला नव्हता.
स्वेटर एकच, आंबोलीपुरता.
आंबोलीत रेंज जाते म्हणे,
तेव्हा खडकीच्या डिसूझांना आधी सांगून ठेवणे,
ज्यांना तो रात्री अडीचलाही फोन करू शकतो
आणि दोनदा केलाय.
बुधवारी रात्री उशीर झाला तरी परत,
कारण गुरुवारी सात वाजता एरंडवण्यात
शाळेच्या वर्गात, मुलांच्या बुटक्या बाकांवर
त्याची बैठक.

तो झोपल्यावर मी पुन्हा बिल काढलं.
वर्तुळ खोडायला रबर घेतलं होतं, खरं सांगते.
त्याऐवजी शेजारी लिहिलं,
थांबा: दहा मिनिटे.
मग दहाचे पंधरा केले.
मग खाली,
सोलं आणायची, अर्धा किलो,
आणि बिल भरायची शेवटची तारीख सोमवारच आहे,
ते आधी भरणे.