शेवटच्या खेळानंतरचा पाव

रात्री सव्वाअकराला थिएटरचे दिवे लागतात
आणि कुतैसीतली माणसं डोळे चोळत
समोरच्या बोळात, उशांगीच्या भट्टीपाशी जमतात.
भट्टी म्हणजे जमिनीत पुरलेला तापलेला रांजण.
उशांगी कमरेपर्यंत आत वाकतो,
कणकेची लांबट होडी आतल्या अंगाला थापतो,
आणि लालबुंद तोंड बाहेर काढत विचारतो,
"कसा होता?"

त्याने पाहिलेला नसतो.
एकवीस वर्षांत एकही नाही.
खेळ सुरू होतो तेव्हा इकडे पीठ फुगत असतं.

लामाराबाई शाळेत रसायन शिकवायच्या.
नाणी मोजता मोजता त्या निकाल देतात:
"नवरा खोटं रडतो.
एवढं पाणी कांदा चिरल्याशिवाय येत नाही.
दहापैकी तीन, आणि तेही घोड्याला."

टॅक्सीवाला गोचा उसळतो. बाई, घोडा कसला,
मी मागच्या रांगेत तोंडावर टोपी धरून बसलो होतो!
बायको वारली तेव्हाही असा...
पुढचं तो बोलत नाही.
दोन पाव मागतो, एकाचे पैसे देतो,
उशांगी काही म्हणत नाही.

तामता आणि तिचा मित्र
बोळाच्या तोंडापासून भांडत येतात.
शेवटी दार उघडं राहतं, हे दोघांनी पाहिलंय.
ती म्हणते, बाई गेली.
तो म्हणतो, छे, आली.
उशांगी त्यांना पाव वेगवेगळ्या कागदात बांधून देतो.

बेसोकाकांचं मत बारा महिने एकच:
"लांबलाय."
तरी एक सिनेमा सोडत नाहीत.
थिएटरात हीटर आहे, त्यांच्या घरी नाही.

हे सगळं उशांगी मळून एकत्र करतो,
पदरचं मीठ घालतो,
आणि साडेबाराला ड्यूटी संपवून आलेल्या नर्सला
पूर्ण सिनेमा सांगतो.
त्यात नवरा खरा रडतो,
घोडा नदी पोहून परत येतो.
नर्स रविवारी तिकीट काढते
आणि बाहेर पडताना माझ्यावर डाफरते,
"हा तो नव्हे!"

मी तिकिटं फाडणारी. दार सांभाळते.
उशिरा येणाऱ्यांना बॅटरीने खुर्च्या दाखवते.
म्हणून मला सुरुवाती ठाऊक नाहीत,
शेवट मात्र प्रत्येक सिनेमाचे अठरा-अठरा वेळा.

फेब्रुवारीत एका रात्री गॅसची लाइन दुरुस्तीला काढली.
उशांगी आला. इस्त्रीचा शर्ट, कानामागे पीठ.
सातवी रांग, कडेची खुर्ची.
पडद्यावर शेवटचं नाव सरकून गेलं तरी उठला नाही.
मी झाडू घेऊन उभी.

दुसऱ्या दिवशी रांग बोळाबाहेर गेली होती.
ज्यांना पाव नको होता तेही आलेले.
गोचानेच विचारलं, "बोल आता. कसा होता?"

उशांगी भट्टीत वाकला.
जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

"टेबलावर पाव होता," वर येऊन म्हणाला.
"आदल्या दिवशीचा. तिने सुरीने कापला.
दोघांपैकी कुणी हात लावला नाही."

मग?

"मग काय? पहिल्या दहा मिनिटांत सगळं झालंच होतं.
पुढे नुसते घोडे."

लामाराबाईंनी मोजलेली नाणी पुन्हा मोजली.
तामताने मित्राकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे नाही.
बेसोकाका म्हणाले, "म्हणजे लांबलाच की!"

सगळे गेल्यावर मी पोचले.
माझी पाळी नेहमी शेवटची.
त्याने गरम पावाचं टोक हाताने मोडलं,
माझ्यापुढे धरलं. बोटांना चटका बसला.

"तुला सुरुवात माहीतच नाही," तो म्हणाला,
"सांगू?"

सांग, मी म्हटलं.
पण मीठ घालू नकोस.